रेव्हरंड सर फ्रेडरिक ऊझली: वारशाने आलेला ‘सर’ आणि लखनौचा पैसा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑक्सफर्डमधल्या संगीताच्या जुन्या प्राध्यापकांच्या यादीत ‘रेव्हरंड सर फ्रेडरिक आर्थर गोर ऊझली, बॅरोनेट’ असं नाव दिसतं. एकच माणूस ‘रेव्हरंड’ही आणि ‘सर’ही कसा? हा ‘सर’ व्हिक्टोरिया राणीने दिला होता का? आणि असा पदवीधारी धर्मगुरू राहायचा कसा, त्याच्या घरात कोण कोण होतं? इंग्लंडमधल्या पॅरिशच्या, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीच्या, नोंदी, मृत्युपत्रं आणि वंशावळी वाचणं हेच माझं काम असल्यामुळे जरा मोकळेपणाने लिहिते.

आधी ‘सर’चा उलगडा करू, कारण तिथेच बहुतेकांची गाडी अडते. इंग्लंडात ‘सर’ दोन वाटांनी येतो. एक नाइटची पदवी. ती त्या माणसाच्या कर्तृत्वासाठी मिळते आणि त्याच्याबरोबरच संपते. दुसरी बॅरोनेटची. ही पहिल्या जेम्स राजाने १६११ मध्ये सुरू केली आणि ती बापाकडून मुलाकडे जाते. बॅरोनेट हा उमराव नव्हे. त्याला हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये जागा नसते. पण नावाआधी ‘सर’ लागतो, आणि तो त्याने काही न करता लागतो. आता धर्मगुरूंच्या बाबतीत एक जुना रिवाज आहे. त्यांना नाइटचा मान दिला तरी खांद्याला तलवार लावण्याचा विधी होत नाही, म्हणून ‘सर’ही लागत नाही. त्यामुळे जुन्या कागदात ‘रेव्हरंड सर’ दिसलं की मी पहिल्यांदा बॅरोनेटांची यादी उघडते. दीक्षा घेण्याआधीच नाइट झालेला एखादा अपवाद सोडला, तर उत्तर तिथेच सापडतं.

मुंबईच्या माणसाला हा प्रकार अगदी परका नाही. सर जमशेटजी जीजीभॉय १८४२ मध्ये नाइट झाले. ती पदवी त्यांच्यापुरती होती. १८५७ मध्ये ते बॅरोनेट झाले आणि मग ‘सर’ घराण्यात आला. पुढे तर वारसाने स्वतःचं नाव बाजूला ठेवून जमशेटजी जीजीभॉय हेच नाव लावायचं, असा कायदाच झाला.

ऊझली घराण्यात हे सगळे प्रकार एकाच वेळी पाहायला मिळतात, म्हणून नवशिक्यांना शिकवताना मी हेच घराणं घेते. फ्रेडरिकचे काका विल्यम ऊझली हे फार्सीचे मोठे अभ्यासक. ते १८०० मध्ये नाइट झाले. त्यांचा ‘सर’ त्यांच्याबरोबर गेला. त्यांचा मुलगा विल्यम गोर ऊझली परराष्ट्र खात्यात राजनैतिक अधिकारी होता. त्याला त्याच्या नोकरीबद्दल वेगळा ‘सर’ मिळाला. बापाच्या ‘सर’शी त्याचा काडीचा संबंध नव्हता. आणि फ्रेडरिकचे वडील गोर ऊझली हे १८०८ मध्ये बॅरोनेट झाले. घराण्यात चालत राहणारा ‘सर’ तेवढा हाच. वंशावळीत सलग ‘सर’ दिसले म्हणून ती एकच पदवी धरून चालणं ही फार मोठी चूक ठरते. प्रत्येक ‘सर’ कुठून आला हे वेगळं तपासावं लागतं.

माझं सांगणं मात्र पदवीच्या पुढे जातं. असा माणूस समजून घ्यायचा तर त्याच्याकडे पैसा कुठून आला आणि त्याने तो कुठे घातला, हे पाहायला हवं. ऊझलींच्या बाबतीत पैसा आला लखनौहून आणि गेला वूस्टरशायरमधल्या एका गायनशाळेत. मधलं सगळं आयुष्य या दोन टोकांमध्ये मावतं.

गोर ऊझली १७८७ मध्ये, ऐन तारुण्यात, हिंदुस्थानात आले ते व्यापारासाठी. इथे त्यांनी फार्सी चांगली आत्मसात केली, प्राच्यविद्येचे पंडित सर विल्यम जोन्स यांच्याशी ओळख जोडली, आणि पुढे लखनौला अवधचे नवाब सआदत अली खान यांच्या चाकरीत शिरले. नवाबाचा विश्वास त्यांनी इतका मिळवला की लखनौची दिलकुशा कोठी त्यांच्या देखरेखीखाली उभी राहिली, इंग्लंडच्या नॉर्थंबरलंडमधल्या सीटन डेलाव्हल हॉल या वाड्याच्या धर्तीवर. तिचे भग्न अवशेष आजही पाहता येतात. याच काळात, १८०१ च्या तहाने, नवाबाचा जवळजवळ अर्धा मुलूख कंपनीने घेतला. गव्हर्नर जनरल होता लॉर्ड वेलस्ली. नवाब आणि कंपनी यांच्यात सलोखा टिकवल्याबद्दल वेलस्ली गोर ऊझलींवर खूश होता, आणि १८०५ मध्ये ते मायदेशी परतल्यावर त्यांना बॅरोनेट करावं म्हणून शिफारस गेली ती त्याचीच. म्हणजे पुढे एका धर्मगुरूच्या नावाआधी जो ‘सर’ लागला, त्याच्या मुळाशी अवधचं राजकारण आहे. या घराण्याबद्दल इंग्रजीत जे लिहिलं गेलं, त्यात हा भाग फार घाईने उरकला जातो असं माझं मत आहे. आपण तरी तो नीट पाहायला हवा.

१८१० मध्ये गोर ऊझली इराणच्या शहाकडे राजदूत म्हणून निघाले. जहाज ब्राझीलमार्गे, मुंबईला थांबून इराणच्या बुशहर बंदराला पोचलं. बरोबर पत्नी हॅरिएट होत्या. त्या काळी इंग्रज राजदूताने बायकोला इराणात नेणं ही नवलाची गोष्ट होती. त्यांना तिथे झालेली एक मुलगी तिथेच तान्हेपणी गेली. १८१३ मध्ये रशिया आणि इराण यांच्यात गुलिस्तानचा तह झाला, त्यात मध्यस्थी गोर ऊझलींची होती. आणखी एक प्रसंग सांगायलाच हवा. दानापूर आणि कानपूरला कंपनीचा धर्मोपदेशक असलेला हेन्री मार्टिन बायबलच्या नव्या कराराचं फार्सी भाषांतर पुरं करायला शिराझला गेला होता. तब्रीझला तो तापाने आजारी पडला तेव्हा त्याची शुश्रूषा ऊझली दांपत्याने केली. मार्टिन १८१२ मध्ये परतीच्या वाटेवर तुर्कस्तानातल्या तोकात इथे वारला. त्याचं भाषांतर शहाला सादर करण्याचं आणि पुढे सेंट पीटर्सबर्गला छापून घेण्याचं काम गोर ऊझलींनी केलं. मुलगा धर्मगुरू झाला यात या घरातल्या वातावरणाचा वाटा असणारच.

दोघा भावांना फार्सी हस्तलिखितांचं वेड होतं. ऊझली नाव असलेला संग्रह ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात गेला, आणि त्यातच उमर खय्यामच्या रुबायांची शिराझला १४६० मध्ये लिहिलेली प्रत होती. फिट्झेराल्डचं प्रसिद्ध इंग्रजी रूपांतर निघालं ते मुख्यतः याच प्रतीवरून. माधव जूलियनांमुळे मराठी वाचकाच्या ओठी आलेल्या रुबायांचा एक धागा असा या घराण्यापर्यंत जातो.

फ्रेडरिकचा जन्म १२ ऑगस्ट १८२५ चा, लंडनच्या ग्रोव्हनर स्क्वेअरमधला. एकुलता मुलगा. त्याच्या बाप्तिस्म्याला धर्मपिते होते ड्यूक ऑफ यॉर्क आणि ड्यूक ऑफ वेलिंग्टन. ‘फ्रेडरिक आर्थर’ ही नावं या दोघांचीच. हा वेलिंग्टन म्हणजे १८०३ मध्ये जालन्याजवळ असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेला आर्थर वेलस्ली, गव्हर्नर जनरलचा धाकटा भाऊ. मुलाच्या नावातसुद्धा बापाची हिंदुस्थानातली ओळखपाळख उतरली होती.

हा मुलगा विलक्षण होता. लिहिता येण्याच्या आधी तो चाली रचत होता आणि घरातली माणसं त्या टिपून ठेवत होती. पाच वर्षांचा असताना त्याने सांगितलं की पपा नाक शिंकरतात ते ‘जी’ सुरात. सहाव्या वर्षी तो प्रसिद्ध जर्मन संगीतकार मेंडेलसोनबरोबर पियानोवर बसला. आठव्या वर्षी त्याने इटालियन शब्दांवर एक ऑपेरा लिहून काढला. शाळेत त्याला घातलं नाही, शिक्षण खासगी शिक्षकांकडून झालं. संगीताचा मात्र शिस्तीत गुरू त्याला मिळाला नाही. मोठ्या घरच्या एकुलत्या मुलाने संगीत ‘शिकायचं’ नसतं, ते ‘यावं’ एवढंच पुरे, अशी ती समजूत. मला हे फार लागतं. गरीब ऑर्गनवादकाच्या घरी जन्मला असता तर दहाव्या वर्षी कुठल्या तरी कॅथीड्रलमध्ये, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चमध्ये, उमेदवारी करत असता.

१८ नोव्हेंबर १८४४ रोजी सर गोर बीकन्सफील्डजवळच्या हॉल बार्न या आपल्या वाड्यात वारले आणि एकोणीस वर्षांचा फ्रेडरिक दुसरा बॅरोनेट झाला. तेव्हा तो ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजात शिकत होता. १८४६ मध्ये बी.ए. झाला. नंतर त्याने संगीताची पदवी घ्यायचं मनावर घेतलं, आणि इथे वारशाने आलेला ‘सर’ पहिल्यांदा आडवा आला. कॉलेजचे डीन गेसफर्ड यांनी विरोध केला. कारण एवढंच की अशा दर्जाच्या माणसाला संगीताची पदवी शोभत नाही. ऑक्सफर्डमध्ये संगीताची पदवी होती, पण तिला मान नव्हता. ती घेणारे बहुधा ऑर्गनवादक, म्हणजे पगारी नोकर. बॅरोनेटने त्यांच्या रांगेत उभं राहायचं? ऊझली उभे राहिले. १८५० मध्ये त्यांनी बॅचलरची पदवी घेतली आणि १८५४ मध्ये संत पॉलिकार्पच्या हौतात्म्यावरचं ओरेटोरिओ, म्हणजे धार्मिक विषयावरची मोठी गायन-वादनाची रचना, सादर करून डॉक्टर झाले.

दीक्षेचं पाऊलही याच जातीचं. बॅरोनेटने सर्वसाधारणपणे काय करायचं, तर जमीन सांभाळायची, शिकारीला जायचं, जमल्यास पार्लमेंटात जायचं. चर्चमध्ये जायचे ते धाकटे मुलगे, ज्यांच्या वाट्याला इस्टेट येत नसे. म्हणूनच व्हिक्टोरियाच्या काळातले पुष्कळसे ‘रेव्हरंड सर’ हे मुळात धाकटे होते आणि थोरला भाऊ निपुत्रिक गेल्यामुळे उतारवयात बॅरोनेट झाले, असं नोंदींत दिसतं. ऊझलींचं उलटं होतं. पदवी हातात, पैसा हातात, भाऊ कुणी नाही, आणि तरी १८४९ मध्ये त्यांनी डीकनची, म्हणजे धर्मगुरूपदाच्या पहिल्या पायरीची, दीक्षा घेतली. याचा एक कायदेशीर परिणामही होता. १८०१ च्या कायद्याप्रमाणे दीक्षित माणसाला हाऊस ऑफ कॉमन्समध्ये बसता येत नसे, आणि १८७० पर्यंत दीक्षेचा राजीनामा देण्याची सोय नव्हती. एकदा झगा चढवला की राजकारणाचं दार कायमचं बंद.

आपल्याकडे ‘रेव्हरंड’ म्हटलं की रेव्हरंड टिळक डोळ्यांसमोर येतात, स्वतःच्या माणसांशी फारकत पत्करून, कष्ट सोसून जगलेले. इंग्लंडच्या राज्यमान्य चर्चमध्ये हे पद म्हणजे बहुधा स्थिर उत्पन्न, घर आणि मान. पण ऊझलींनी पहिली नेमणूक घेतली ती सुखाची नव्हती. लंडनच्या नाइट्सब्रिजमधल्या सेंट पॉल्स चर्चचे ते सहायक होते, आणि त्या चर्चने पिम्लिकोतल्या गरीब वस्तीत सेंट बार्नबस हे नवं चर्च १८५० मध्ये उघडलं. तिथली उपासना थाटाची, गाऊन म्हटलेली, मेणबत्त्या आणि वस्त्रं जुन्या परंपरेची. त्याच वर्षी पोपने इंग्लंडात पुन्हा कॅथलिक बिशप नेमले आणि देशभर संतापाची लाट आली. पंतप्रधान लॉर्ड जॉन रसेल यांनी एका जाहीर पत्रात आपल्याच चर्चमधल्या अशा थाटाच्या उपासनेवरही ठपका ठेवला. नोव्हेंबरमध्ये रविवारच्या रविवारी सेंट बार्नबसबाहेर जमाव जमू लागला, आत शिरून आरडाओरड करू लागला, पोलिसांचा बंदोबस्त ठेवावा लागला. शेवटी मुख्य धर्मगुरू बेनेट यांना राजीनामा द्यावा लागला.

ऊझलींनीही ती जागा सोडली. पण गायकवृंदातल्या मुलांना सोडलं नाही. या मुलांचं पुढे काय, हा प्रश्न त्यांनी आपला मानला. बकिंगहॅमशायरमध्ये लँगली इथे घर घेऊन मुलांना तिथे ठेवलं, त्यांच्या शिकण्याचा आणि राहण्याचा खर्च स्वतः उचलला. स्वतः मात्र १८५१ मध्ये युरोपात गेले आणि स्पेन, इटली, जर्मनीतल्या चर्चमधलं गाणं ऐकत फिरले. पुढे जी संस्था झाली तिचं बीज लँगलीच्या त्या घरात आहे.

त्या काळी इंग्लंडच्या कॅथीड्रलमधल्या गाण्याची अवस्था काय होती, हे कळल्याशिवाय ऊझलींचं काम समजत नाही. एकच उदाहरण देते, तेही हेरफर्डचं, कारण तिथेच पुढे ते आले. १८३४ च्या ईस्टरला ऑर्गनवादक एस. एस. वेस्ली यांना उपासनेसाठी नवी रचना करायची होती. मोठे गायक किती मिळाले? एक. तोही डीनचा, म्हणजे कॅथीड्रलच्या प्रमुख धर्मगुरूचा, खानसामा. बाकी नुसती मुलं. कारण हेरफर्डचे प्रौढ गायक हे स्वतः दीक्षित धर्मगुरू होते आणि रविवारी आपापल्या पॅरिशमध्ये उपासना चालवायला जात. म्हणजे ज्या दिवशी गाण्याची सर्वांत जास्त गरज, त्याच दिवशी गायक गैरहजर. वेस्लींनी मुलांसाठी आणि त्या एका आवाजासाठी जे लिहिलं ते आजही इंग्लंडभर गायलं जातं, पण म्हणून ती अवस्था चांगली ठरत नाही. पगार तुटपुंजे, मुलांच्या शिक्षणाकडे दुर्लक्ष, आवाज फुटला की मुलाला निरोप. १८४९ मध्ये वेस्लींनी या सगळ्यावर कडक शब्दांत एक पुस्तिका लिहिली. तक्रार करणारे पुष्कळ होते. पदरचा पैसा घालणारा एक निघाला.

१८५५ हे ऊझलींच्या आयुष्यातलं वळण. त्याच वर्षी प्रीस्टची, म्हणजे पूर्ण धर्मगुरूची, दीक्षा, त्याच वर्षी ऑक्सफर्डचं संगीताचं प्राध्यापकपद, त्याच वर्षी हेरफर्ड कॅथीड्रलचं प्रीसेंटरपद, म्हणजे तिथल्या उपासनेतल्या संगीताची जबाबदारी. आणि पुढच्या वर्षी, २९ सप्टेंबर १८५६ ला, संत मायकेलच्या सणाच्या दिवशी, टेनबरीजवळच्या सेंट मायकेल्स कॉलेजचं चर्च समर्पित झालं.

टेनबरी हे वूस्टरशायरच्या पश्चिम टोकाचं, टीम नदीवरचं छोटं गाव. हेरफर्डशायर आणि श्रॉपशायरची हद्द तिथून हाकेवर. गावाबाहेरच्या माळावर ऊझलींनी जागा घेतली आणि वास्तुशिल्पी हेन्री वुडयर यांच्याकडून चर्च आणि शाळेची इमारत उभारून घेतली. चर्च एकच, पण दोन कामांचं. ते कॉलेजचं चर्च होतं आणि आसपासच्या वस्तीसाठी नव्याने तयार झालेल्या पॅरिशचंही. वॉर्डन, म्हणजे कॉलेजचे प्रमुख, तेही ऊझली आणि पॅरिशचे धर्मगुरूही ऊझली. गाणाऱ्या मुलांना चांगलं शिक्षण मिळावं, आणि रोज सकाळ-संध्याकाळची उपासना कॅथीड्रलच्या तोडीची गाऊन व्हावी, एवढाच उद्देश. आठवड्यातून एकदा नव्हे, रोज दोनदा. आसपास शेतं आणि सफरचंदाच्या बागा, ऐकायला गावातली चार माणसं, तरी रोज. मला हे फार मोठं वाटतं. लंडनमध्ये हे केलं असतं तर नाव झालं असतं. त्यांनी ते जिथे कुणी पाहणारं नव्हतं तिथे केलं आणि तेहतीस वर्षं चालवलं.

१८५७ मध्ये कॉलेजसाठी त्यांनी ऑर्गनवादक निवडला तो सोळा-सतरा वर्षांचा पोरगा होता, जॉन स्टेनर. लंडनच्या सेंट पॉल्समध्ये गायलेला, साध्या घरचा. टेनबरीला त्याला काय मिळालं, तर उत्तम ऑर्गन, रोज दोनदा वाजवायची सक्ती आणि वॉर्डनचं ग्रंथालय. ऊझलींना तरुणपणी जी तालीम नीट मिळाली नव्हती, ती त्यांनी या मुलाला दिली. स्टेनर पुढे ऑक्सफर्डला आणि तिथून सेंट पॉल्सचे ऑर्गनवादक झाले, आणि १८८९ मध्ये ऊझलींच्या जागी संगीताचे प्राध्यापकही. त्याच १८५७ च्या नोव्हेंबरात लखनौला दिलकुशा कोठीत जनरल हॅवलॉक आमांशाने मेला. बापाने उभारलेली कोठी लढाईच्या धुमाळीत होती आणि मुलगा टेनबरीला मुलांकडून स्तोत्रं बसवून घेत होता. या दोन गोष्टी एकाच पैशाच्या दोन बाजू आहेत, हे मी वाचकांच्या नजरेस मुद्दाम आणते.

ऑक्सफर्डमध्ये त्यांनी केलेलं काम शांतपणे केलेलं, पण टिकाऊ. त्यांच्या आधीचे प्राध्यापक सर हेन्री बिशप हे रंगभूमीचे लोकप्रिय रचनाकार. पदवीसाठी तोवर एक मोठी रचना लिहून पाठवली की पुरे असे. ऊझलींनी उमेदवाराला प्रत्यक्ष परीक्षेला बसायला लावलं. शिकवण्यासाठी पुस्तकं लिहिली: १८६८ मध्ये हार्मनीवर (स्वरसंगतीवर), १८६९ मध्ये काउंटरपॉइंटवर (एकाच वेळी चालणाऱ्या अनेक चालींच्या गुंफणीवर), १८७५ मध्ये रचनेच्या आकृतिबंधावर. ज्या पदवीला डीनने बॅरोनेटच्या दर्जाखालची ठरवलं होतं, तिचा दर्जा त्या बॅरोनेटनेच वर नेला. त्यांच्या स्वतःच्या रचनांबद्दल मी भक्तिभावाने बोलणार नाही. मोठी ओरेटोरिओ आज कुणी गात नाही. छोटी अँथेम, म्हणजे उपासनेत गायची वृंदगीतं, मात्र टिकली आहेत, आणि ती ऐकताना कळतं की या माणसाला मुलांचा आवाज कुठे उमलतो ते नेमकं ठाऊक होतं. ऑर्गनवर ऐन वेळी फ्यूग, म्हणजे एकच चाल अनेक आवाजांत गुंफत नेणारी रचना, रचून वाजवण्यात तर त्यांचा हात धरणारा त्या काळात विरळा होता.

ग्रंथालय ही त्यांची दुसरी मोठी गुंतवणूक. बाप आणि काका फार्सी पोथ्या जमवत होते, मुलाने संगीताची हस्तलिखितं जमवली. संगीतकार हँडलच्या ‘मसीहा’ या ओरेटोरिओची जी प्रत समोर ठेवून हँडलने १७४२ मध्ये डब्लिनला पहिला प्रयोग केला, ती प्रत टेनबरीला होती. फ्रान्सच्या काउंट ऑफ टुलूझसाठी फिलिडोरने तयार केलेला संगीताच्या हस्तलिखित प्रतींचा मोठा संग्रहही त्यांनी विकत घेतला होता. इतका ऐवज एका खेड्यातल्या शाळेत असल्याचं इंग्लंडमधल्या संगीताच्या अभ्यासकांना चांगलं ठाऊक होतं आणि ते तिथवर जात.

आता कुटुंब. ऊझलींनी लग्न केलं नाही. त्यांच्या परंपरेतल्या बऱ्याच धर्मगुरूंना अविवाहित राहणं हेच योग्य वाटे. त्यांच्या शेजारीच याचं दुसरं उदाहरण होतं. टेनबरीहून काही मैलांवर लेमस्टरजवळ मंकलंड नावाचं खेडं आहे, तिथले धर्मगुरू होते रेव्हरंड सर हेन्री विल्यम्स बेकर, तिसरे बॅरोनेट. व्हाइस ॲडमिरलचा मुलगा. १८५१ पासून १८७७ मध्ये मरेपर्यंत ते त्याच खेड्यात राहिले, बॅरोनेटपद १८५९ मध्ये आलं तरी हलले नाहीत. १८६१ मध्ये निघालेल्या आणि इंग्लंडभर घरोघर गेलेल्या स्तोत्रसंग्रहाच्या मंडळाचे ते अध्यक्ष. तेविसाव्या स्तोत्रावरचं त्यांचं गीत आजही गातात. म्हणजे एकाच बिशपच्या हद्दीत दोन ‘रेव्हरंड सर’, दोघे अविवाहित, दोघांनी आयुष्य चर्चमधल्या गाण्याला दिलेलं.

पण पदवीच्या बाबतीत दोघांचं वेगळं झालं, आणि वंशावळ शोधणाऱ्याने हा फरक नीट ध्यानात घ्यावा. बेकर गेले तेव्हा पदवी नात्यातल्या दुसऱ्या पुरुषाकडे गेली, कारण पहिल्या बॅरोनेटचे आणखी पुरुष वंशज हयात होते. ऊझलींकडे तसं नव्हतं. पदवी पहिल्यांदा ज्याला मिळाली त्याच्या, म्हणजे गोर ऊझलींच्या, पोटच्या पुरुष वंशातच ती चालणार होती. काका विल्यम यांचा वंश कितीही जवळचा असला तरी त्याला हक्क नव्हता. मुलींकडून तर ती जातच नाही. त्यामुळे फ्रेडरिक यांनी लग्न न करण्याचं ठरवलं तेव्हाच पदवी त्यांच्याबरोबर संपणार हे उघड होतं. त्यांच्यासारख्या, नोंदींची बारकाई जाणणाऱ्या माणसाच्या हे लक्षात आलं नसेल असं मला वाटत नाही. वारस हवा म्हणून कुठल्याही घराण्यात केवढी धडपड होते ते आपण जाणतो. या माणसाने ती केली नाही. पैशाचा वारस मात्र त्याने आधीच ठरवून ठेवला होता.

घर म्हणून त्यांच्याभोवती होतं ते कॉलेजच: मुलं, शिक्षक, सहायक धर्मगुरू. वर्षातला काही काळ ऑक्सफर्ड, ठरावीक दिवस हेरफर्ड, बाकी टेनबरी. १८८६ मध्ये ते हेरफर्डचे निवासी कॅनन, म्हणजे कॅथीड्रलच्या धर्मगुरूंपैकी एक, झाले. तिथेच ६ एप्रिल १८८९ ला अचानक गेले. दफन टेनबरीला, स्वतः बांधलेल्या चर्चच्या आवारात. बॅरोनेटपद त्या दिवशी संपलं.

कॉलेज पुढे जवळजवळ शंभर वर्षं चाललं. पण दोन महायुद्धांनंतरच्या इंग्लंडात एका माणसाच्या जुन्या देणगीवर अशी शाळा चालवणं अवघड होत गेलं. १९७८ मध्ये ग्रंथालयातली मौल्यवान हस्तलिखितं, ‘मसीहा’च्या प्रतीसह, बॉडलियनमध्ये गेली, जिथे ऊझली नावाच्या फार्सी पोथ्या आधीपासून होत्या. फ्रेंच संग्रह फ्रान्सला परत गेला. १९८५ मध्ये शाळा बंद पडली. उरलेल्या मालमत्तेतून १९८९ मध्ये ऊझलींच्या नावाने एक विश्वस्त निधी स्थापन झाला. इंग्लंड, वेल्स आणि आयर्लंडमधल्या कॅथीड्रल आणि चर्चमध्ये गाणाऱ्या मुलांच्या फीसाठी आणि गायकवृंदांच्या खर्चासाठी तो मदत देतो.